दुबईला निघालेले मोदक सहारला अडकले: ४८ डब्यांच्या एका गोठवलेल्या खेपेचं प्रकरण

हे प्रकरण ऑगस्ट २०२४ मधलं आहे. उत्पादक, फॉरवर्डर (माल पाठवण्याची सगळी व्यवस्था पाहणारा एजंट), विमान कंपनी आणि आयातदार यांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. क्रम, वेळा आणि मालाचं काय झालं ते तसंच ठेवलं आहे. मुंबई ते दुबई हे उड्डाण सव्वातीन तासांचं. तेवढ्या प्रवासाला निघालेला माल डब्यात बंद झाल्यापासून ४७ तासांनी गोदामात पोचला. हे तास कुठे गेले आणि त्यात कोणते निर्णय झाले, ते पुढे मांडलं आहे.

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम उपनगरातला एक छोटा कारखाना उकडीचे मोदक आणि पुरणपोळ्या गोठवून विकतो. मोदक हातानेच वळले जातात. वाफवून निवले की उणे ३५ अंशांच्या ब्लास्ट फ्रीझरमध्ये (झपाट्याने गोठवणाऱ्या यंत्रात) जातात आणि तिथून उणे २५ अंशांच्या साठवणीच्या खोलीत. सारणात खवा नाही, उकडीत आणि पुरणपोळीत तूपही नाही. दुधाचा अंश आला की आयात करणाऱ्या देशाचे वेगळे नियम लागतात, ते टाळण्यासाठी परदेशी जाणाऱ्या मालाची कृतीच वेगळी ठेवलेली होती.

दुबईतल्या आयातदाराने गणेशोत्सवासाठी ४८० किलो माल मागवला: ३०० किलो मोदक आणि १८० किलो पुरणपोळी. चतुर्थी शनिवारी, ७ सप्टेंबरला होती. दुकानांत माल निदान पाच दिवस आधी लागायला हवा, म्हणून शुक्रवार ३० ऑगस्टच्या दुपारपर्यंत तो आयातदाराच्या गोदामात पोचायचा होता. तिकडे शुक्रवारी अर्धा दिवस काम आणि शनिवार-रविवार सुट्टी. त्या दुपारनंतर गोदाम थेट सोमवारी माल घेणार होतं.

मागणी जुलैतच आली होती. वेळ गेला तो अरबी स्टिकरमध्ये. घटक, उत्पादनाची आणि समाप्तीची तारीख, साठवणीचं तापमान हा मजकूर आयातदाराकडून मंजूर होऊन छापून हातात येईपर्यंत २२ ऑगस्ट उजाडला. पुढे २६ला जन्माष्टमी, २७ला दहीहंडी. दहीहंडीच्या दिवशी मुंबईत रीफर म्हणजे शीतगाडी घालायला कोणी तयार नव्हतं. म्हणून पाठवणी बुधवारी, २८ तारखेला ठरली. या तारखेच्या मागे एक दिवसही मोकळा नव्हता, आणि पुढच्या सगळ्या निर्णयांवर त्याचं ओझं राहिलं.

त्या तारखांना गोठवलेल्या मालाची पुण्याहूनच थेट सोय फॉरवर्डरला मिळाली नाही. म्हणून नेहमीचा रस्ता: द्रुतगती मार्गाने सहारला, म्हणजे मुंबई विमानतळाच्या कार्गो विभागात, आणि तिथून विमान.

पॅकिंग आणि ड्राय आइसचा हिशोब

चार सेंटिमीटर जाडीचा थर्माकोलचा डबा, बाहेरून पुठ्ठ्याचं खोकं. बाहेरचं माप ६० × ४० × ४० सेंमी. आत १० किलो माल, ४ किलो ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड; तो वितळत नाही, थेट वायू होऊन उडतो, आणि पुढे ‘बर्फ’ म्हटलंय तो हाच), डब्याचं वजन २ किलो, एकूण १६. विमान भाड्यासाठी आकारमानी वजन, म्हणजे डबा किती जागा व्यापतो त्यावरून धरलेलं वजन, घनसेंटिमीटरला ६००० ने भागून काढतात. ९६,००० भागिले ६००० म्हणजे तेही १६ किलोच. इथे पॅकिंग करणाऱ्यांनी उत्तम काम केलं होतं. डब्यातल्या रिकाम्या जागेसाठी एक रुपयाही जादा भाडं पडत नव्हतं. ४८ डबे, भाडं लागणारं वजन ७६८ किलो.

ड्राय आइस वर ठेवला होता, कारण थंड वायू खाली उतरतो. मोदक आणि बर्फ यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा थर होता. उणे ७८ अंशांचा बर्फ थेट टेकला तर पारीला तडे जातात आणि कळ्या तुटतात. झाकणाच्या चारही कडा टेपने बंद केल्या नव्हत्या. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून बरेच जण डबा चहूबाजूंनी टेप लावून बंद करतात. त्यात वायू कोंडतो, डबा फुगतो, क्वचित फुटतोही, आणि असा डबा विमानतळावर स्वीकारला जात नाही.

मग ४ किलोंचा आकडा कुठून आला? ‘डब्याला दिवसाला चार किलो पुरतो’ या पाठ झालेल्या अंदाजातून. गणित असं सांगतं: या मापाचा, या जाडीचा एकटा डबा ३० अंशांच्या उघड्या हवेत ठेवला आणि आत उणे १८ राखायचं म्हटलं, तर दिवसाला सहा ते सात किलो ड्राय आइस उडतो. तरी ४ किलोंत काम भागतं, ते डबे एकमेकांना चिकटून रचलेले असतात म्हणून. ४८ सुट्या डब्यांचा मिळून पृष्ठभाग सुमारे ६१ चौरस मीटर भरतो. तेच डबे ३ × ४ च्या चार थरांत रचले तर बाहेरची हवा लागणारा पृष्ठभाग १७ चौरस मीटरच्या आत येतो. उष्णता शिरायची जागा जवळपास चौथ्या हिश्श्यावर येते.

पण ही बचत सगळ्या डब्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. मधल्या डब्यात बर्फ जवळजवळ तसाच राहतो. कोपऱ्यातल्या डब्याच्या तीन बाजू उघड्या असतात. तो दिवसाला तीन किलोंहून अधिक गमावतो. सगळ्या डब्यांत सारखाच ४ किलो बर्फ घालणं म्हणजे मधल्यांना गरजेपेक्षा जास्त आणि कोपऱ्यांना कमी देणं. या प्रकरणाचा निकाल पुढे नेमका याच फरकावर लागला.

अडचण

बुधवारी दुपारी एक वाजता शेवटचा डबा बंद झाला. दोनला गाडी निघाली, बोरघाटातला पाऊस आणि वाहतूक पार करून साडेसातला सहारला पोचली. गाडीतच उणे १८ अंश होते, त्यामुळे या टप्प्यात बर्फ फारसा खर्च झाला नाही. माल उतरवण्याआधी चालकाने दारं उघडून गाडी दहा मिनिटं मोकळी ठेवली. १९२ किलो ड्राय आइस घेऊन आलेल्या बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो आणि आत पाऊल टाकणारा माणूस कोसळू शकतो. हे प्रत्येक चालकाला शिकवलेलं असलंच पाहिजे.

वजन, एक्स-रे, सीमाशुल्काची ‘लेट एक्सपोर्ट ऑर्डर’ (माल निर्यात करायची परवानगी) आणि ड्राय आइसची तपासणी यादी हे सगळं साडेअकरापर्यंत नीट पार पडलं. प्रत्येक खोक्यावर धोकादायक मालाचा नववा वर्ग दाखवणारं लेबल, ‘ड्राय आइस’, त्याचा यूएन क्रमांक १८४५ आणि निव्वळ ४ किलो असं लिहिलेलं होतं. अन्न गार ठेवण्यासाठी वापरलेल्या ड्राय आइसला धोकादायक मालाचं स्वतंत्र घोषणापत्र लागत नाही, पण एअरवे बिलावर (विमानाने जाणाऱ्या मालाच्या वाहतूक-पावतीवर) यूएन क्रमांक, वर्ग, डब्यांची संख्या आणि प्रत्येकातलं वजन लिहावं लागतं. तेही होतं.

रात्री दीड वाजता विमान कंपनीने माल उड्डाणातून वगळला.

कारण साधं होतं. प्रत्येक विमानाच्या पोटात किती ड्राय आइस न्यायचा याची मर्यादा विमान कंपनी ठरवते; विमान, सामानकक्ष आणि हवा खेळती राहण्याची सोय यांवर ती अवलंबून असते. पहाटे ४.४० चं हे विमान प्रवासी कक्षात एकच वाट असलेलं, छोटं होतं. त्यात एका औषधांच्या खेपेचा ड्राय आइस आधीच नोंदलेला होता आणि उरलेल्या मर्यादेत १९२ किलो बसत नव्हते.

औषधांची खेप आधी का धरली गेली? फॉरवर्डरने जागा नोंदवताना ‘गोठवलेले खाद्यपदार्थ, ४८ नग, ७६८ किलो’ एवढंच कळवलं होतं. नाशवंत आणि गोठवलेल्या मालाचे कोड दिले होते, ड्राय आइसचा कोड आणि एकूण वजन दिलं नव्हतं. ते पहिल्यांदा दिसलं एअरवे बिलावर, माल दारात आल्यावर. कागद चुकीचा नव्हता, फक्त उशिरा बोलला.

समोरचे पर्याय

फॉरवर्डरच्या रात्रपाळीच्या माणसाने दीडपासून उत्पादक बाईंना फोन लावले. त्या दिवसभराच्या पॅकिंगनंतर झोपल्या होत्या. ‘ताई उचलत नाहीत, मी परस्पर ठरवू कसं?’ हा त्याचा प्रश्न रास्त होता. किती खर्चापर्यंत तो स्वतः निर्णय घेऊ शकतो, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. बोलणं झालं सकाळी साडेसहाला. त्याने एक काम मात्र साडेतीनलाच केलं होतं: डबे शेडच्या (विमानतळावरच्या मालगोदामाच्या) जमिनीवरून २ ते ८ अंशांच्या कोल्ड रूममध्ये हलवून घेतले. बंद खोलीत ड्राय आइस म्हटल्यावर तिथले कर्मचारी आधी तयार नव्हते. हवा खेळती असलेल्या भागात ठेवण्याच्या अटीवर परवानगी मिळाली.

हे पाऊल योग्य होतं, पण त्याला मुदत होती. बाहेर ३० ऐवजी ५ अंश असतील तर बर्फ निम्म्या वेगाने उडतो. पण डब्यातला बर्फ संपला की हीच खोली मोदकाची वैरी होते. शिजलेल्या तांदळाचा स्टार्च शून्य ते पाच अंशांच्या आसपास सगळ्यात वेगाने कडक होतो. अशा तापमानात काही तास राहिलेली पारी पुन्हा गोठवून, पुन्हा वाफवली तरी पहिल्यासारखी मऊ लागत नाही, भुगा होऊन तुटते. खराब झालेला मोदक वासावरून कळत नाही, घास घेतल्यावर कळतो.

सकाळी चार पर्याय मांडले गेले.

पहिला, काहीच न करता त्याच कंपनीच्या शुक्रवारी पहाटेच्या विमानाची वाट पाहायची. सकाळी सव्वासहाच्या सुमारास दुबई, मग दुपारच्या आत गोदाम. खर्च नाही, पण कोपऱ्यातल्या डब्यांचा बर्फ तोवर संपणार हे उघड होतं. शिवाय छोट्या विमानात माल सहसा सुटा भरतात. उघड्या ट्रॉलीवरून जाऊन पोटात डबे विखुरले जातात आणि एकत्र रचण्याचा सगळा फायदा तिथे जातो.

दुसरा, तेच विमान, पण आधी बर्फ भरून.

तिसरा, माल परत पुण्याला. याला ‘बॅक टू टाउन’ म्हणतात. सीमाशुल्काची परवानगी, लेट एक्सपोर्ट ऑर्डर रद्द, परतीची गाडी, पुन्हा ब्लास्ट फ्रीझर. मालासाठी हा सगळ्यात सुरक्षित मार्ग होता. पण नवी पाठवणी २ सप्टेंबरनंतरच झाली असती आणि चतुर्थीच्या विक्रीचे निम्मे दिवस हातचे गेले असते.

चौथा, दुसऱ्या कंपनीचं गुरुवारी रात्री साडेनऊचं, प्रवासी कक्षात दोन वाटा असलेलं मोठं विमान. त्यात डबे पॅलेटवर (सपाट फळीवर) एकत्र रचून, जाळी लावून जातात. खालच्या कक्षात १६० सेंमी उंची चालते, म्हणजे ४० सेंमीचे चार थर बरोबर बसतात. ड्राय आइसची मर्यादाही मोठी. भाडं किलोमागे ३१ रुपयांनी जास्त, म्हणजे ७६८ किलोंवर २३,८०८ रुपये. नवं एअरवे बिल, शिपिंग बिलात (सीमाशुल्काकडे दिलेल्या निर्यातीच्या कागदात) दुरुस्ती, पुन्हा तपासणी.

निर्णय आणि अंमलबजावणी

चौथा पर्याय निवडला गेला, जोडीला बर्फ भरणं. आमच्या मते निवड बरोबर होती. भाड्यातला फरक मोठा दिसतो, पण त्यात सात तास आणि रचलेली पॅलेट मिळत होती.

यावेळी नोंदणीतच ‘ड्राय आइस, ४८ × ४ किलो, एकूण १९२’ असं लिहिलं गेलं आणि साडेदहाला होकार आला. नंतरचा निर्णय जास्त विचाराचा होता. डब्यांत ५-६ किलो भरता आला असता, पण मग ४८ खोक्यांवरचे आकडे बदला, एअरवे बिल बदला, नव्याने मंजुरी घ्या. फॉरवर्डरने सुचवलं की बर्फ ४ किलोंपर्यंतच पुन्हा भरायचा, त्यापुढे नाही. त्यामुळे लेबल आणि बिल दोन्ही खरे राहिले.

तपासणी झालेला डबा आत उघडायचा तर परवानगी आणि पुन्हा एक्स-रे. ते हाती येईपर्यंत दुपारचे तीन वाजले. अंधेरीतल्या पुरवठादाराकडे त्या घडीला ५० किलोच ड्राय आइस होता, तोही गोळ्यांचा. गोळ्या लाद्यांपेक्षा लवकर उडतात, कारण वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग जास्त. ५० किलोंत २० डबे झाले. कोणते वीस? हाताला सहज आले ते, म्हणजे कोल्ड रूममधल्या ढिगाचे वरचे दोन थर, बहुतांशी. पॅलेट रचताना त्यांची जागा कुठे येईल याचा विचार झाला नाही. पाचला पॅलेट रचली गेली तेव्हा न भरलेल्यांपैकी काही डबे खालच्या कोपऱ्यांवर आणि कडांवर गेले.

काय झालं

विमान दुबईत स्थानिक वेळेनुसार रात्री ११.१० ला उतरलं. ऑगस्टमधल्या त्या रात्री धावपट्टीलगतची हवा मुंबईपेक्षा गार नव्हती. कागदपत्रं आणि तपासणी होऊन शुक्रवारी सकाळी १०.४० ला माल गोदामात पोचला.

खेपेत दोन डेटा लॉगर (प्रवासभर तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं) होते आणि दोन्ही उणे १६ च्या वर गेले नव्हते. त्या आलेखावर विश्वास ठेवला असता तर खेप निर्दोष ठरली असती. पण दोन्ही लॉगर पॅलेटच्या मध्यभागी आलेल्या डब्यांत होते. आयातदाराच्या माणसाने चांगली सवय पाळली: कोपऱ्यातले डबे उघडून दोन पाकिटांच्या मध्ये तापमापकाचा प्रोब धरला. सात डब्यांत उणे ९ ते उणे ६ अंश निघाले आणि बर्फाचा कणही नव्हता. गुळाच्या सारणाचा गोठणबिंदू पाण्यापेक्षा बराच खाली असतो. म्हणून पारी बाहेरून टणक लागत होती आणि आत सारण दाबलं जात होतं. बाकीचे ४१ डबे उणे १३ किंवा त्याहून गार होते.

करारात ‘उणे १८ अंश’ एवढंच लिहिलेलं होतं. कुठे मोजायचं, किती वेळ किती फरक चालेल, काही नाही. अक्षर धरून बसलं असतं तर आयातदार अर्ध्याहून अधिक खेप नाकारू शकला असता. त्याने ४१ डबे लगेच उणे २० ला नेले, प्रत्येक गटातून नमुने वाफवून पाहिले आणि स्वीकारले. सात डबे, म्हणजे ७० किलो माल, नष्ट केला. ते मोदक पुन्हा गोठवून विकायला तो तयार झाला नाही आणि उत्पादक बाईंनीही आग्रह धरला नाही. चतुर्थीच्या नैवेद्याला फुटका मोदक मिळालेलं घर पुन्हा त्या पाकिटाला हात लावत नाही.

मालाचं नुकसान ४३ हजारांच्या घरात. जास्तीचं भाडं, शेडचं शुल्क, पुन्हा तपासणी आणि बर्फ मिळून आणखी ३५ हजार.

भरपाई

विमा होता, पण हवाई मालाच्या नेहमीच्या विमा अटींत उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. दावा नाकारला गेला. विमान कंपनीकडे लेखी तक्रार केली. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या मॉन्ट्रियल करारानुसार मालाच्या नुकसानीची तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते. ती वेळेत गेली. पहिल्या कंपनीचं उत्तर होतं की नोंदणीत ड्राय आइस दाखवलाच नव्हता. त्यावर फॉरवर्डरकडे बोलण्यासारखं काही उरलं नाही. त्याने भाड्यातला फरक आपल्या अंगावर घेतला आणि प्रकरण तिथे मिटलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, नोंदणीच्या पहिल्या ओळीत ड्राय आइसचं एकूण वजन. याला पैसे लागत नाहीत आणि हे झालं असतं तर बाकीचं काहीच घडलं नसतं: कंपनीने तेव्हाच नाही म्हटलं असतं किंवा जागा राखली असती.

बर्फ डब्याच्या जागेनुसार. कोपरे आणि कडांना ५ किलो, मधल्यांना ३. एअरवे बिलावर दोन गट वेगळे लिहिता येतात आणि एकूण वजन जवळपास तेवढंच राहतं. डब्यांवर रंगीत पट्टी लावली की पॅलेट रचणाऱ्याला कोणता डबा कुठे ते कळतं. एक लॉगर मध्यभागी, एक खालच्या कोपऱ्यात. एकच असेल तर कोपऱ्यात.

हिशोबाचे तास. ठरलेल्या वेळापत्रकाचे २८ तास होत होते आणि बर्फ तेवढ्यालाच धरला होता. एक उड्डाण चुकेल असं धरून निदान ५२ तासांचा बर्फ हवा, किंवा सहारजवळच्या पुरवठादाराकडे लाद्या आधीच राखून ठेवायला हव्यात. दुसरा पर्याय स्वस्त, पण त्याला परवानगीचे तास लागतात, हे इथे दिसलं. उणे २१ अंशांना गोठणाऱ्या मिठाच्या द्रावणाच्या प्लेटा वापरल्या तर धोकादायक मालाचा प्रश्नच राहत नाही. मात्र तेवढीच उष्णता शोषायला ड्राय आइसच्या अडीचपट वजन लागतं आणि भाडं वजनावर असतं. ४८ डब्यांना ते परवडत नाही; चार-पाच डब्यांच्या नमुना खेपेला जरूर विचार करावा.

रात्रीचा अधिकार. ‘अमुक रकमेपर्यंत फॉरवर्डरने स्वतः निर्णय घ्यावा, त्यापुढे या दोन नंबरांपैकी एकाला उठवावं’ एवढी ओळ हवी होती. दीड ते साडेसहा या पाच तासांत परवानगीचा अर्ज गेला असता तर बर्फ सकाळीच भरता आला असता आणि पुरवठादारही दुसरा शोधता आला असता.

करारात तापमानाची ओळ पूर्ण लिहावी: दोन पाकिटांमध्ये मोजलेलं तापमान, किती डब्यांतून, उणे १२ पर्यंत किती वेळ चालेल, त्यावर काय करायचं. यावेळी आयातदार समंजस होता म्हणून ४१ डबे वाचले.

आणि मुळात विमान कशाला, हाही प्रश्न आहे. गोठवलेला माल महिनोन्महिने टिकतो. ताजी अंजिरं किंवा भाजी पाठवणाऱ्याला विमानाशिवाय इलाज नसतो, गोठवलेल्या मोदकाला तशी घाई नसते. घाई आणली ती स्टिकरने. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती. अरबी मजकूर मे महिन्यातच मंजूर करून घेतला, पुण्यातल्या आणखी तीन उत्पादकांचा गोठवलेला माल जोडला आणि जुलैत न्हावा शेवा बंदरातून दुबईच्या जेबेल अली बंदराला जहाजाने एक रीफर कंटेनर गेला. विमानाने फक्त ऐन वेळी आलेल्या जादा मागणीचे नऊ डबे पाठवले. तेही मोठ्या विमानाने, नोंदणीत ड्राय आइस ४५ किलो असं लिहून.